वजन किती? खरं सांगा!

बायोडेटात पाच किलो इकडचे तिकडे झाले तर कुणी विचारत नाही. चार सीटच्या विमानात मात्र ते विचारले जातात. औशातल्या आमच्या घराला हे एका वजनकाट्यावर उभं राहून कळलं.

औसा म्हटलं की पुण्यातले माझे मित्रमैत्रिणी आधी विचारतात, 'हे नक्की कुठं आलं?' लातूरपासून साधारण वीस किलोमीटर. एक भुईकोट किल्ला, आजूबाजूला सोयाबीन आणि ऊस. आमच्या गावात विमान उतरत नाही. पण निवडणूक लागली की हेलिकॉप्टरं हमखास उतरतात, आणि पोरंटोरं सभेपेक्षा धुरळा बघायलाच जास्त जमतात. ९ एप्रिल २०१९ ला पंतप्रधानांची सभा औशात झाली, तेव्हाही तेच. पण औसा खरं फेमस झालं ते १२ नोव्हेंबर २०२४ ला. विधानसभेचा प्रचार जोरात होता. आदल्या दिवशी वणीत उद्धव ठाकरे यांची बॅग निवडणुकीच्या अधिकाऱ्यांनी तपासली होती, आणि दुसऱ्या दिवशी औशात उतरल्यावर पुन्हा तपासली. तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. दोन दिवस सगळ्या महाराष्ट्राला एकच प्रश्न पडला होता, बॅगेत काय आहे?

माझ्या चुलतबहिणीला मात्र भलताच प्रश्न पडला. व्हिडिओ बघून तिनं मला फोन केला आणि विचारलं, "ताई, बॅग किती किलोची असेल गं?"

तिचं काही चुकलं नाही. आमची ही धाकटी पायलट आहे. दोनशे तासांचं उड्डाण पूर्ण करून कमर्शियल लायसन्स हातात घेतलेली आणि एअरलाइनच्या नोकरीची वाट बघत बसलेली. तिच्या ट्रेनिंगसाठी काकांनी चार एकर गहाण टाकले. गावात अजूनही लोक काकांना विचारतात, "पोरगी इमान चालवती म्हंजे नेमकं काय करती?" काका छाती फुगवून हातानं टेक ऑफ करून दाखवतात. मी पत्रकार, त्यामुळे मी तोच प्रश्न तिला विचारला. विमान चालवायच्या आधी तू नेमकं काय करतेस? मला वाटलं, गॉगल, हेडफोन, 'रॉजर' वगैरे काहीतरी कूल ऐकायला मिळेल.

"बेरीज करते," ती म्हणाली. "मग गुणाकार. मग भागाकार."

उन्हाचं वजन

या बेरजेला वेट अँड बॅलन्स म्हणतात. विमानात किती वजन आहे आणि ते कुठं कुठं ठेवलंय, याचा हिशोब. छोट्या विमानात तो पायलटनंच करायचा असतो, प्रत्येक उड्डाणाआधी.

आता वजनाची मर्यादा तर लिफ्टमध्येही लिहिलेली असते. दहा माणसांच्या लिफ्टमध्ये अकरावा घुसला तर ती फार तर कुरकुरते. मग विमानाचं एवढं काय कौतुक? तर विमानाच्या बाबतीत हवेचाही मूड सांभाळावा लागतो. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि प्रोपेलरची पकडही कमी होते. तिघांचा एकदमच संप. लातूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६३० मीटरवर आहे. तिथं ४० अंशांचं ऊन असलं, म्हणजे आमचा साधा एप्रिल, की विमानाच्या दृष्टीनं ती सोळाशे-सतराशे मीटर उंचीवरची हवा असते. म्हणजे आपण उभे लातुरात आणि विमानाला वाटतंय की आपण कळसूबाईच्या माथ्यावरून उडतोय! जे वजन जानेवारीच्या पहाटे आरामात उचललं जातं, तेच मे महिन्याच्या दुपारी जड जातं.

आमच्या शेजारच्याच तालुक्यात याची आठवण अजून ताजी आहे. २५ मे २०१७ ला निलंग्याहून तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि काही क्षणांत विजेच्या तारांत अडकून खाली आलं. नशीब बलवत्तर, सगळे वाचले. चौकशीत जे मुद्दे पुढं आले, त्यात एक होता वजनाचा: त्या दिवशीच्या तापमानाच्या मानानं ते जास्त होतं. औशात त्या दिवशी किती ऊन होतं ते मला कुणी सांगायला नको. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

गाडी उलाळली!

वजन 'किती' हे कळलं. पण वजन 'कुठं' हा त्याहून मजेशीर भाग आहे, आणि तो धाकटीनं मला इंग्रजी पुस्तकातून नाही, आजोबांच्या बैलगाडीवरून समजावला.

गाडीत कडब्याच्या पेंढ्या भरताना आजोबा सारखे ओरडायचे, "मागं नको, मागं नको, उलाळंल!" ओझं चाकाच्या मागं जास्त झालं की गाडीचा पुढचा भाग वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटायला बघतं. ही उलाळ. उलट सगळं ओझं पुढं आलं की बैलांची मान दबते आणि जनावर चालेनासं होतं. आता बैलगाड्या गेल्या, उसाच्या ट्रॉल्या आल्या. पण चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत उचललेली लातूर जिल्ह्यात कुणी पाहिली नसतील असं होणार नाही. तोच प्रकार.

विमानाचंही अगदी तसंच. नाक जड झालं तर ते धावपट्टीवरून उचलायलाच वेळ लागतो आणि उतरताना नाक वर धरणं कठीण जातं. शेपटी जड झाली तर त्याहून वाईट. नाक आपोआप वर जायला बघतं, वेग पडतो, आणि एकदा विमान बिनसलं की सावरणं अवघड होतं. जमिनीवर उलाळलेली गाडी चार माणसं मिळून खाली ओढतात. वर कोण ओढणार?

म्हणून हिशोब. इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीला शून्य धरायचं. तिथून प्रत्येक गोष्ट किती लांब आहे ते मोजायचं. सेस्ना १७२, म्हणजे १९५६ पासून बनत असलेलं आणि जगात सर्वांत जास्त खपलेलं चार सीटचं विमान, त्याच्या एस मॉडेलमध्ये पुढच्या सीट साधारण ९४ सेंटिमीटरवर, पेट्रोलच्या टाक्या १२२ वर, मागची सीट १८५ वर, सामानाची जागा २४१ वर. प्रत्येकाचं वजन गुणिले हे अंतर. सगळ्या गुणाकारांची बेरीज करायची आणि तिला एकूण वजनानं भागायचं. जो आकडा येतो, तो विमानाचा तोलबिंदू. पूर्ण वजन असताना तो १०४ आणि १२० सेंटिमीटरच्या मध्ये पडायला हवा. म्हणजे मोकळीक किती? सोळा सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही!

सहावी-सातवीचं गणित आहे हो. अवघड काहीच नाही. प्रॉब्लेम गणितात नसतोच. तो आत भरलेल्या आकड्यांत असतो.

२५ ऑगस्ट २००१ ला बहामाजमध्ये आलिया ही अमेरिकन गायिका व्हिडिओचं शूटिंग संपवून परत निघाली होती. वय फक्त २२. छोटं सेस्ना ४०२ विमान, माणसं आणि शूटिंगचं सामान ठासून भरलेलं. टेक ऑफनंतर लगेच कोसळलं, नऊच्या नऊ जण गेले. वजन मर्यादेच्या कितीतरी वर होतं आणि तोलबिंदू मागच्या हद्दीच्याही मागं. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेतल्या शार्लटमध्ये एक छोटं प्रवासी विमान पडलं, २१ जण गेले. तिथं शेपटीच्या कंट्रोलची जोडणी चुकली होती आणि त्यात विमान मागं जड होतं. गंमत म्हणजे, अर्थात गंमत नव्हेच, कागदावर त्याचं वजन नियमात बसत होतं. कारण माणसांचं वजन मोजलेलं नव्हतं, 'सरासरी' धरलं होतं. ती सरासरी जुनी होती आणि माणसं दरम्यान जाड झाली होती. त्या अपघातानंतर अमेरिकेत सरासरीचे आकडे वाढवावे लागले. म्हणून तर एअर न्यूझीलंडनं २०२३ मध्ये आणि फिनएअरनं २०२४ मध्ये प्रवाशांना 'जरा काट्यावर उभे राहता का?' अशी विनंती केली. सक्ती नाही, आकडा गुपित राहील, अशी सगळी खात्री देऊन. वजनाचं नाव काढलं की माणूस किती हळवा होतो, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

आम्हालाही ते ठाऊक झालं. कसं ते सांगते.

नव्वद असेल!

लायसन्स मिळाल्यावर धाकटीनं ठरवलं की घरच्यांना एकदा वर न्यायचं. क्लबची परवानगी काढली, विमान तासाच्या भाड्यानं घेतलं. औशापासून बरीच लांबची एक छोटी धावपट्टी. मार्च महिना, सकाळी सातची वेळ, साडेआठपर्यंतच विमान आमचं. चार सीट: ती, काका, काकू आणि तिचा भाऊ, म्हणजे आमचा भैया. मी खाली थांबून फोटो काढणार होते.

आठवडाभर आधी तिनं फोनवर सगळ्यांची वजनं विचारून घेतली. काका म्हणाले, "नव्वद असंल." काकू म्हणाल्या, "साठ. मला काय झालंय?" भैयानं कॉलेजच्या फॉर्मवरचा आकडा सांगितला, ६२. तिचं स्वतःचं ५८. झाले २७०. रिकामं विमान ७७० किलो. टाकीत १३० लिटर पेट्रोल, लिटरला साधारण ७२० ग्रॅम, म्हणजे ९४ किलो. एकूण ११३४. मर्यादा ११५७. तेवीस किलो शिल्लक. छान!

आणि तरीही त्या सकाळी धाकटी पिशवीतून बाथरूममध्ये ठेवतात तसला वजनकाटा घेऊन आली. हँगरच्या सिमेंटवर ठेवला आणि म्हणाली, "चला, एकेक जण."

तुम्ही कधी आपल्या बापाला काट्यावर चढताना पाहिलंय? काकांनी आधी चप्पल काढली. मग खिशातला मोबाइल माझ्याकडे दिला. मग चाव्या. मग पाकीट. मग श्वास आत ओढला, जणू त्यानं काही फरक पडणार होता. काटा थांबला १०४ वर. काकू ७२. भैया ७०. आणि काकूंच्या हातातली पिशवी, तिच्यात धपाटे, शेंगाची चटणी, पाण्याच्या तीन बाटल्या आणि देवाचा प्रसाद: ८ किलो.

धाकटीनं खाली बसून नवा कागद काढला. एकूण ११७६. एकोणीस किलो जास्त. आमच्या प्रेमळ कुटुंबानं आपल्याच पोरीपासून ४२ किलो लपवले होते, म्हणजे एक अख्खी शाळकरी मुलगी!

पिशवी खाली ठेवली. अकरा उरले. धावपट्टीच्या टोकापर्यंत जाताना तीनएक किलो पेट्रोल जळतं, तेही तिनं वजा केलं. आठ उरले. तोलबिंदू मस्त मध्यात पडत होता, पण वजन बसत नव्हतं. टाकीतून पेट्रोल काढायचं म्हटलं तर त्याला माणसं हवीत, परवानगी हवी आणि वेळ हवा. वेळच तर नव्हता. दोन फेऱ्या करायच्या तरी तोच प्रश्न.

"कुणीतरी एक जण खाली थांबा," ती म्हणाली.

काकू लगेच म्हणाल्या, "मी थांबते. तुमी जावा." अपेक्षितच होतं. आमच्या घरात ताटं कमी पडली की काकू नंतर जेवतात, सीट कमी पडली की काकू पुढच्या एसटीनं येतात. पण धाकटी म्हणाली, "आई, तू पुढं माझ्या शेजारी बसणार. ते ठरलंय."

मग काका बोलले. "आगं, आठ किलूला काय हुतंय? काय करलालीस तू? कंपनीनं थोडी मोकळीक ठिवलीच असंल की."

"ठेवलीय ना," ती म्हणाली. "ती माझ्या चुकांसाठी आहे, अण्णा. वारा फिरला, इंजिन थोडं कमी पडलं, माझा हात चुकला, त्यासाठी. ती तुम्हाला देऊन टाकली तर मला काय उरलं?"

काकांचा चेहरा उतरला. तुम्हाला काका माहीत नाहीत, म्हणून सांगते. या माणसाचं अर्धं आयुष्य उसाच्या काट्याशी भांडण्यात गेलंय. कारखान्यात न्यायच्या आधी गाडी बाहेरच्या काट्यावर करायची, पावती खिशात ठेवायची, आणि आत वजन कमी भरलं की तिथंच रस्त्यावर बसायचं. 'काटामारी' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी त्यांच्या तोंडून ऐकलाय. काटा खरा पाहिजे, एक किलोसुद्धा इकडचं तिकडे नको, ही त्यांची आयुष्यभराची एकच मागणी. आणि तोच माणूस आज आपल्या मुलीला म्हणत होता, आठ किलो सोडून दे.

हे माझ्या डोक्यात आलं, पण मी बोलले नाही. भैयाही गप्प. धाकटीही काही बोलली नाही. चार एकर गहाण टाकलेल्या बापाला 'तू खाली उतर' म्हणणं सोपं नसतं. तिच्या हातातला कागद वाऱ्यानं फडफडत होता आणि ती तो अंगठ्यानं घट्ट दाबून उभी होती. वय २३. इंजिनाची किल्ली तिच्याकडे होती आणि रेटून बसवून नेलं असतं तर बहुतेक काही झालंही नसतं. बहुतेक! आपण ऑफिसात रोज असल्या 'बहुतेक'वर सह्या करतो. टार्गेटचा आकडा थोडा फुगवतो, खर्चाचा थोडा दाबतो, डेडलाइन 'होऊन जाईल' म्हणून सांगतो. आपल्या फुगवलेल्या आकड्यावर कुणी बसून आकाशात जात नाही, एवढाच काय तो फरक. म्हणजे असं आपल्याला वाटतं.

काका परत काट्याकडे गेले. या वेळी चप्पल न काढता वर चढले. खाली वाकून आकडा बघितला, बराच वेळ बघितला.

"काटा बरोबर हाय," ते म्हणाले. "मी थांबतो."

विमान गेलं. आधी आवाज, मग ठिपका, मग तोही नाही. काका आणि मी हँगरच्या सावलीत बसलो. त्यांनी पिशवी उघडली आणि मला एक धपाटं दिलं, स्वतः एक घेतलं. मी विचारलं, वाईट वाटतंय का? म्हणाले, "कारखान्यात आसला एक जरी काटेवाला भेटला आसता..." आणि वाक्य अर्धंच सोडून शेंगाच्या चटणीत धपाटं बुडवलं.

पाऊण तासानं तिघं उतरली. काकू विमानातून उतरल्या त्या थेट काकांकडे आल्या आणि वरून काय काय दिसलं ते सांगत सुटल्या. त्यांना एवढं सलग बोलताना मी तरी पहिल्यांदाच ऐकलं.

काकांची फेरी राहिली ती राहिलीच. पुढच्या वेळी फक्त दोघांनी जायचं असं बापलेकीचं ठरलंय, पण त्यासाठी पैसे जमायला हवेत. तोवर घरात एक बदल झालाय. कुणी सहज वजन विचारलं तरी काका आता मोठ्यानं खरा आकडा सांगतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. भैयानं ऑनलाइन एक काटा मागवून दिलाय. दर सोमवारी सकाळी काका त्यावर उभे राहतात, स्वतःच्या पायांमधला आकडा मोबाइलवर टिपतात आणि लेकीला पाठवतात. खाली एक शब्द नाही, गुड मॉर्निंगचं फूल नाही. नुसता आकडा. गेल्या सोमवारी १०१ होता.

तिनं तो कागदावर भरला, ९४ नं गुणला आणि मला सांगितलं, "चालतंय."